हँडब्रेकची लांब केबल

नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट लागतो. घाटाच्या चढावर एखादी जीप कडेला उभी असते. चालक खाली उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतीत असतो. आत कोणी नसते, ब्रेकच्या पायपट्टीवर कोणाचा पाय नसतो, आणि तरीही दीड-दोन टनांची ती गाडी जागची हलत नाही. तिला कोण धरून ठेवते? एखादा सावध चालक मागच्या चाकाखाली दगड ठेवतो हे खरे. पण दगड हा वरचा बंदोबस्त झाला. मुख्य काम करते ती गाडीच्या पोटाखालून गेलेली, करंगळीएवढ्या जाडीची एक केबल.

पायाने दाबायचा ब्रेक बहुतेक मोटारींत तेलाच्या दाबावर चालतो. चालत्या गाडीला थांबवायला तो उत्तम; पण रात्रभर गाडी धरून ठेवायची तर त्याचा भरवसा नाही. कुठल्या तरी रबरी वायसरातून तेल थेंबभर झिरपले की दाब उतरतो. म्हणून उभ्या गाडीचा ब्रेक दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवण्याचे काम तेलाने किंवा हवेने करू नये, निव्वळ यांत्रिक रचनेने करावे, असा वाहनांच्या नियमांतच दंडक आहे. हँडब्रेकची दांडी वर ओढताना जो ‘कट् कट्’ असा आवाज येतो, तो खिटी दात्यांवरून सरकल्याचा. खिटी दात्यात बसली की दांडी मागे येत नाही आणि केबल ताणलेलीच राहते.

कारखान्यात तयार झालेल्या गाडीत ही केबल मापाचीच असते. प्रश्न उभा राहतो तो घरी बांधलेल्या गाडीत. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्या भागांचा संच विकत आणून घरीच मोटार जोडण्याची मोठी हौस पसरली. लोटस कंपनीची १९५७ सालची ‘सेव्हन’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली गाडी. तयार मोटारीवर त्या काळी तिकडे जो कर होता तो सुट्या संचावर नव्हता, हेही त्या हौसेमागचे एक कारण! अशा गाडीचा सांगाडा नवा असतो, पण चाकांचे आस, ब्रेक, हँडब्रेक हे भाग पुष्कळदा एखाद्या जुन्या मोटारीतून काढून बसवलेले असतात. आपल्याकडे असे संच विकण्याची पद्धत फारशी रुजली नाही. पण हौस मात्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि पुढच्याच महिन्यात महिंद्र कंपनीने ती गाडी ठेवून घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात.

अशा कोणत्याही गाडीत जुन्या मोटारीची केबल वापरली की बहुधा ती लांब पडते. मूळ गाडी मोठी, नवी गाडी छोटी. मूळ गाडीत दांडी पुढे होती, इथे ती आसनाला खेटून बसवली. मग हातभर केबल उरते. तिचे काय करायचे? ‘कापून टाकायची, त्यात काय!’ असे तुम्ही म्हणाल. कापायचीच आहे, पण कुठे, किती आणि मुळात काय कापायचे, हे ठरवताना शाळेतल्या विज्ञानाची जवळजवळ चार प्रकरणे कामाला येतात.

प्रथम ही केबल म्हणजे काय ते पाहू या. हिला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. आत पोलादाच्या अनेक बारीक तारा पिळून केलेला दोर असतो; कारागीर त्याला ‘इनर’ म्हणतात. बाहेर पोलादी तारेचे जवळजवळ वेटोळे घालून केलेली लवचीक नळी असते. तिला ‘आउटर’ किंवा नुसते ‘कव्हर’ म्हणतात. नगरच्या वाचकांना उदाहरणासाठी लांब जायला नको. १९७२ साली एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरमध्ये तयार केलेली लूना पुष्कळांच्या आजोबांनी चालवली असेल. तिच्या हँडलपासून इंजिनाकडे आणि चाकांकडे गेलेल्या काळ्या दोऱ्या म्हणजे याच बाउडन केबली. २०२४ साली लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. आता इंजिनच नाही, तेव्हा पेट्रोल कमीजास्त करणारी केबलही गेली. पण ड्रम ब्रेक ओढायला केबल लागतेच.

आता एक कोडे. आतला दोर ओढतो हे दिसते. मग बाहेरचे कव्हर कशासाठी? धूळ लागू नये म्हणून, असे पुष्कळांना वाटते. ते खरे कारण नव्हे. साधा दोर ओढला तर तो सरळ व्हायला पाहतो. वळणावरून ओढायचे तर प्रत्येक वळणाला कप्पी हवी. बाउडन केबलमध्ये कप्पीचे काम कव्हर करते. कव्हराची दोन टोके गाडीच्या सांगाड्यावर घट्ट टेकलेली असतात. दोर जेवढ्या बलाने ताणला जातो, तेवढ्याच बलाने कव्हर दोन्ही टोकांकडून दाबले जाते. क्रिया आणि प्रतिक्रिया हाताच्या बोटाएवढ्या जागेत शेजारी शेजारी नांदतात. कव्हर वेटोळ्याचे असल्याने वाकते, पण वेटे एकमेकांना चिकटलेले असल्याने दबत नाही. म्हणून सापासारख्या वळणांतूनही ओढ पलीकडे पोचते.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. ब्रेकच्या दृष्टीने दोराची एकूण लांबी महत्त्वाची नाही आणि कव्हराचीही नाही. महत्त्वाची आहे ती दोहोंतली वजाबाकी, म्हणजे कव्हराच्या बाहेर किती दोर उघडा राहतो ती लांबी. समजा, कव्हर १४० सेंटिमीटर आणि दोर १६५ सेंटिमीटर आहे. उघडा दोर २५ सेंटिमीटर. आता दोराला हातही न लावता कव्हराच्या टोकाशी १ सेंटिमीटरचा नळीचा तुकडा घातला, तर कव्हर १४१ झाले आणि उघडा दोर २४ वर आला. म्हणजे कव्हर लांब केले की दोर आखूड होतो! सायकलच्या ब्रेककेबलवर जो फिरवायचा पोकळ स्क्रू असतो तो हेच करतो. तो बाहेर काढला की कव्हर जणू लांबते आणि ब्रेक घट्ट होतो. जुन्या सायकलची एखादी केबल मिळाली तर कव्हराची दोन टोके दोन मित्रांनी पक्की धरावीत आणि मध्ये ओवलेले एकेक वायसर सरकवून हा प्रकार डोळ्यांनी पाहावा.

तेव्हा केबल थोडीच सैल असेल, बोटाच्या पेराएवढी, तर करवत हातात घेण्याचे कारणच नाही. ऍडजस्टर फिरवावा. तो पुरत नसेल तर कव्हराच्या टोकाशी मापाची नळी घालावी. चांगले कारागीर आधी हे करून पाहतात.

पण पेरभर ढिलाईला एवढे महत्त्व का द्यायचे? थोडे गणित करू. हँडब्रेकची दांडी ही तरफ आहे. मूठ टेकूपासून ३० सेंटिमीटरवर, केबल अडकवलेली जागा टेकूपासून ५ सेंटिमीटरवर. म्हणजे हाताचे बल सहापट होते. पण अंतर एक षष्ठांश होते. मूठ १८ सेंटिमीटर वर आली की केबल फक्त ३ सेंटिमीटर सरकते. ही ३ सेंटिमीटरची शिदोरी पुरवून वापरायची आहे. चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धचंद्राकृती शू असतात. त्यांचे लायनर ड्रमपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर दूर असते. शू एका टोकाशी टेकलेला असल्याने दुसरे टोक साधारण दुप्पट, म्हणजे १ मिलिमीटर हलावे लागते. दोन शूंचे मिळून २ मिलिमीटर. आतल्या तरफेचे प्रमाण चारास एक धरले तर केबलला ८ मिलिमीटर सरकावे लागेल. उरले २२ मिलिमीटर. दोराचे ताणणे, कव्हराचे किंचित दबणे, लायनरची झीज हे सगळे यात भागवायचे. इथे जर केबल ३ सेंटिमीटर सैल असेल, तर दांडी शेवटच्या दात्यापर्यंत येईल, ‘कट् कट्’ आवाजही खणखणीत होईल, चालक निर्धास्तपणे खाली उतरेल आणि ब्रेक मात्र लागलेलाच नसेल.

आता मोठ्या प्रश्नाकडे वळू. हातभर जास्तीची केबल आहे, कव्हर आणि दोर दोन्ही जास्तीचे. उघडा दोर बरोबर २५ सेंटिमीटरच आहे. मग जास्तीच्या केबलचा एक वेढा घालून ती सांगाड्याला बांधून टाकली तर? वजाबाकी तर बिघडत नाही!

वजाबाकी बिघडत नाही, पण घर्षण आडवे येते. उधळलेल्या बैलाला गडी कसा आवरतो ते आठवा. कासऱ्याचे टोक हातात धरून तो बैलाशी ओढाताण करीत बसत नाही. तो कासऱ्याचे दोन वेढे झाडाच्या खोडाला घालतो आणि टोक नुसते धरून उभा राहतो. बैलाचा सगळा जोर वेढ्यांतच जिरतो. केबलच्या वळणातही हेच होते, फक्त इथे गड्याच्या जागी ब्रेक आहे आणि बैलाच्या जागी आपला हात! आपण ओढतो तो जोर वळणावळणाला कमी होत जातो.

किती कमी होतो याचे सूत्र ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले. त्याची गंमत अशी, की घट वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसते. केबल एकूण किती अंशांतून वळली एवढ्यावरच असते. दोर आणि कव्हर यांच्यातला घर्षणांक ०·१५ धरला तर एका काटकोनी वळणानंतर १०० पैकी ७९ भाग बल उरते. दुसऱ्या काटकोनानंतर ७९ चे पुन्हा ७९ टक्के, म्हणजे ६२. पुरा वेढा म्हणजे चार काटकोन. चार वेळा ०·७९ ने गुणून पाहा, ३९ उरतात. मोठा ऐसपैस वेढा घाला की लहान घाला, वेढा तो वेढाच. (फार लहान घातला तर कव्हर मोडते, ती आणखी निराळी आपत्ती.)

हा आकडा खऱ्या गाडीला लावू. गाडी आणि माणूस मिळून ५०० किलो धरू. प्रवासी मोटारींच्या हँडब्रेकने २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणाऱ्या उतरणीवर, भरलेली गाडी रोखली पाहिजे आणि त्यासाठी हाताचे बल ४०० न्यूटनांहून, म्हणजे सुमारे ४० किलोभाराहून, जास्त लागता कामा नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला संकेत आहे. आपले घाटरस्ते एवढे उभे नसतात. पण वाडीवस्तीवरचे, बंधाऱ्यावर चढणारे रस्ते कधी कधी असतात. अशा चढावर ५०० किलोची गाडी खाली ओढणारे बल ५०० × ०·१९६, म्हणजे ९८ किलोभार येते. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर, ड्रमची १०. म्हणून ड्रमवरचे घर्षण अडीचपट, २४५ किलोभार हवे. दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी साधारण १२२. शूच्या टोकाला लावलेल्या बलाच्या सुमारे दुप्पट घर्षण ड्रमवर मिळते असे धरू. म्हणजे टोकाला ६१ किलोभार हवा. आतल्या तरफेने चौपट होते, म्हणून केबलच्या चाकाकडच्या टोकाशी १५ किलोभार ओढ पुरे. दोन केबलींना ३०. दांडी सहापट करते. तेव्हा हाताला ५ किलोभार. हे झाले घर्षणरहित केबलचे स्वप्न.

चाकाकडे जाताना केबल दोन काटकोन वळली असेल तर ५ भागिले ०·६२, म्हणजे ८ किलोभार लागतील. ठीक आहे. आता जास्तीच्या केबलचा एक वेढा घाला. ८ भागिले ०·३९, सुमारे २१ किलोभार! पाण्याची बादली उचलण्याऐवजी सिमेंटच्या पोत्याचे जवळजवळ अर्धे वजन ओढण्यासारखे झाले. आणि पावसात लायनर ओले होऊन त्याची पकड निम्मी झाली तर ४२. म्हणजे नियमाची मर्यादाही ओलांडली. गाडीत काहीही मोडलेले नाही, काहीही सैल नाही. नुसता एक वेढा आहे.

हे पडताळून पाहायचे असेल तर लाकडी रुळाला किंवा झाडूच्या गुळगुळीत दांड्याला आडवे पक्के बांधा. अर्ध्या किलोचे वजन सुतळीला टांगून ती दांड्यावरून घ्या आणि दुसरे टोक ताणकाट्याने सावकाश ओढा. सुतळी काटकोनात वळवून, मग अर्धा वेढा, मग दीड वेढा असे काट्यावरचे आकडे वहीत लिहा. लाकूड-सुतळीचा घर्षणांक केबलपेक्षा बराच जास्त असल्याने आकडे भराभर फुगतात. दीड वेढ्यापर्यंत गेलात तर लहान काटा बहुधा पुरणार नाही.

तेव्हा केबल कापणेच बरे. पण मापे घेण्यापूर्वी दोन गोष्टी करून घ्याव्या लागतात. पहिली, चाकातल्या शूंचे अंतर चाकावरच्या ऍडजस्टरने ठीक करणे. ते ढिले ठेवून ती ढिलाई केबल ओढून भरून काढणे हा आळशीपणा आहे. पुढे लायनर झिजले की केबलकडे शिल्लक काहीच राहत नाही. दुसरी, केबलचा ऍडजस्टर जवळजवळ पूर्ण आत, म्हणजे सर्वांत सैल स्थितीत आणून ठेवणे. दोर वापराने लांबतो, आपोआप आखडत कधी नाही. म्हणून सगळी शिल्लक घट्ट करण्याच्या बाजूला हवी.

मग कव्हराचा मार्ग ठरवायचा. सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून दूर, आणि शक्य तितक्या थोड्या वळणांनी. इथे एक अडचण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गाडी जॅकवर उचलली की चाके स्प्रिंगवर खाली लोंबतात; खड्ड्यातही तसेच होते. कव्हर अगदी सरळ, मोजून मापून कापले तर चाक खाली गेल्याबरोबर केबल ताणली जाईल आणि चालत्या गाडीत ब्रेक आपोआप लागेल. म्हणून चाके लोंबती ठेवूनही कव्हराला थोडा बाक राहिला पाहिजे. चाक वर दाबले गेल्यावर तो बाक वाढून टायरला घासता कामा नये, हेही पाहावे लागते. सुतळीचा तुकडा त्या मार्गाने लावून, चाक वर-खाली करून मग मोजले म्हणजे माप बरोबर येते.

समजा, नव्या मार्गाला ११० सेंटिमीटर कव्हर पुरते. मूळचे १४०, म्हणजे ३० कापायचे. दोरही बरोबर ३० सेंटिमीटरच कापायचा; १६५ चा १३५ होईल आणि उघडा दोर पुन्हा २५ राहील. नुसता दोर ३० ने कापला तर तो कव्हराहून ५ सेंटिमीटर आखूड होऊन आत गडप होईल. नुसते कव्हर कापले तर उघडा दोर ५५ होईल आणि हँडब्रेक म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. म्हणून कापण्यापूर्वी दोन्ही मापे कागदावर मांडून वजाबाकी तपासतात. कापलेला दोर वाढवता येत नाही.

दोर बाहेर काढून कव्हर शेगड्यात हलके धरून हॅकसॉने कापतात. कापलेले टोक कानशीने सपाट करून, आतल्या तोंडावर उलटलेली धार टोच्याने साफ करावी लागते. ती राहिली तर आतल्या तारा एकेक करून कापीत बसते. दोर कापताना वेगळी युक्ती. पिळाचा दोर सरळ कापला की तारा शेवयांसारख्या फुलतात. म्हणून कापण्याच्या जागी आधी दोन-तीन सेंटिमीटरभर बारीक तांब्याची तार घट्ट गुंडाळतात, किंवा दोर स्वच्छ करून तेवढ्या भागात डाख पाजतात आणि त्या भागाच्या मधोमध धारदार छिन्नीने एका घावात तोडतात. आणि दुसरे टोक पक्के करण्यापूर्वी कव्हर, त्याच्या टोकाच्या टोप्या, रबरी बूट हे सगळे क्रमाने दोरात ओवून घ्यायचे. निपल बसल्यावर ते आत जाणार नाहीत.

आता सर्वांत जोखमीचे काम: दोराच्या नव्या टोकाला निपल बसवणे. त्याला किती ओढ सोसायची? घाबरलेला माणूस ४० किलोभाराने दांडी ओढू शकतो. सहापट म्हणजे २४० किलोभार, आणि पुढच्या एकेरी केबलवर ती सगळीच येते. ३ मिलिमीटर जाडीचा चांगला दोर याच्या साधारण दुप्पट ओढीला तुटतो. दोर सोसेल, निपल सोसेल का?

मोपेडच्या किंवा मोटारसायकलच्या क्लचकेबलला डाखाचे निपल चालते. दोराच्या टोकाच्या तारा फुलवून निपलच्या शंकूसारख्या भोकात बसवायच्या आणि वितळलेले कथील-शिसे ओतायचे. फुललेला गोळा पाचरीसारखा अडकतो, आणि खरा भार ती पाचर घेते. कल्हईवाले नवसागर का टाकतात हे माहीत असेल तर इथे फ्लक्स का लागतो तेही कळेल. धातूवरचा गंज गेल्याशिवाय कथील धरत नाही. पण हीच रीत मोटारीच्या हँडब्रेकला वापरू नये, याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, म्हणजे निरपेक्ष मापाने ४५६ अंशांना. खोलीतले तापमान त्याच मापाने ३०० अंश. म्हणजे डाख गार असतानाही वितळण्याच्या दोन तृतीयांश वाटेवर असतो! अशा धातूवर सतत ताण ठेवला तर तो अगदी हळू, घट्ट काकवीसारखा सरकत राहतो. क्लच क्षणभर ओढतात आणि सोडतात. त्याला हे बाधत नाही. हँडब्रेक रात्रभर ताणलेला असतो. पहाटे निपल निसटले तर ते पाहायला कोणी जागे नसते.

मग पितळेने जोड द्यावा तर? त्यासाठी दोर लालभडक तापवावा लागतो. केबलच्या तारा गार असतानाच साच्यातून ओढून बारीक केलेल्या असतात. त्यांची ताकद त्या ओढण्यात आहे. तापवल्या की त्या नरम पडतात आणि जोडाच्या लगतच दोर तुटतो. जोड मजबूत आणि शेजार दुबळा, अशी गत होते.

म्हणून कारखान्यात वापरतात ती रीत उत्तम. पोलादी नळी दोरावर घालून ती मोठ्या दाबयंत्रात चहूबाजूंनी चेपतात. नळीचा धातू दोराच्या पिळाच्या खाचांत शिरतो. उष्णता नाही, डाख नाही. केबली बनवणाऱ्या चांगल्या दुकानात हे दाबयंत्र असते. आपण मापे घ्यायची, टोक त्यांच्याकडून चेपून आणायचे. हातोडीने चेपलेली नळी वरून तशीच दिसते, पण दाब एका बाजूने पडल्याने आत पोकळ्या राहतात. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे क्लॅम्प लावून दोर दुमडून घेण्याचीही रीत आहे. तात्पुरत्या कामाला ती बरी. तिच्यात क्लॅम्पचे खोगीर भाराच्या दोरावर आणि ‘यू’ची कमान उरलेल्या शेपटीवर हवी, उलटे लावले तर कमान भाराच्याच तारा चिरडते.

तयार केबल गाडीत घालण्यापूर्वी ताणून पाहतात. चारास एक अशा प्रमाणात टेकवलेल्या लोखंडी पहारीच्या टोकाला ६० किलोचे पोते टांगले की केबलवर २४० किलोभार येतो. निपलच्या तोंडाशी दोरावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवायची. भार तासभर तसाच ठेवून रेघ सरकली का ते पाहायचे. या वेळी दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, कारण तुटलेला दोर चाबकासारखा येतो. हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही बाजूला राहून रेघेवर नजर ठेवा.

मागच्या दोन केबली असतील तर दोन्ही सारख्याच आखूड व्हायला हव्यात. पुढची एकेरी केबल एका आडव्या पट्टीच्या मधोमध ओढते आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन चाकांच्या केबली असतात. तराजूची दांडीच म्हणा, किंवा बैलांचे जू. एक बैल हातभर मागे राहिला तर जू तिरके होते, पण दोघांवरही ओढ राहते. पट्टीही तिरकी होऊन दोन्ही चाकांना सारखी ओढ देते. मात्र फरक फार असेल तर पट्टीचे टोक सांगाड्यावर टेकते आणि मग एकच चाक धरले जाते. दांडी ओढून गाडीखाली नजर टाकली की पट्टी काटकोनात आहे की नाही ते लगेच दिसते.

इतके सगळे चोख झाले तरी घरी बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो, की नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना ठरावीक संस्थांपैकी एकीकडून तपासून घेतला पाहिजे. त्यांतली एक संस्था अहिल्यानगरमध्येच, वाहननगरला आहे: संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, जिला नगरकर ‘व्हीआरडीई’ म्हणतात. १९४७ साली ती चकलाल्याहून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, इथे आली. लष्करी वाहनांबरोबरच नागरी वाहनांच्या चाचण्याही तिथे होतात.

शेतातल्या खासगी उतारावर गाडी तपासायची झाली तरी पद्धत तीच. गाडीत कोणी बसू नये, चाकांपासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूला दगड ठेवावेत, दांडी ओढावी आणि पायब्रेक सावकाश सोडावा. एकदा गाडीचे तोंड चढाकडे आणि एकदा उताराकडे करून पाहावे. ड्रममधले दोन शू फिरण्याच्या दिशेप्रमाणे कमीजास्त धरतात, म्हणून एका दिशेने थांबलेली गाडी दुसऱ्या दिशेने थांबेलच असे नाही. नंतर दांडी पूर्ण खाली सोडून, चाके जॅकवर उचलून हाताने फिरवावीत. ती अडकत असतील तर केबल गरजेपेक्षा आखूड झाली. मग कव्हरामागे घातलेली नळी काढावी किंवा ऍडजस्टर मागे घ्यावा. आठवडाभर वापरल्यावर वेटे एकमेकांवर नीट बसून केबल थोडी सैल झालेली आढळते. तेव्हा ऍडजस्टर एक-दोन फेरे घट्ट करून लॉक नट आवळावा आणि त्याच वेळी निपलच्या तोंडाशी मारलेली रंगाची रेघ पाहावी. रेघ आणि निपल यांत फट दिसली, मग ती नखाएवढी का असेना, तर ती केबल काढून टाकून नवी घालावी.